पहिली चावी

गॅरेजात एक नियम होता. थंडीत गाडी आवाज करते म्हणून दाखवायला आणली, की ती रात्रभर तिथंच ठेवायची आणि सकाळी पहिली चावी कानसेननं मारायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर म्हातारा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तसं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गारठलेलं इंजिन खरं बोलतं. तेल वर चढेपर्यंत टॅपेट टकटकतात, चेन सैल असेल तर खळखळते, पट्टा झिजला असेल तर किंचाळतो, आणि इंजिन तापलं की सगळे साळसूद होऊन बसतात. मालक बिचारा गाडी चालवत आणणार, आवाज वाटेतच गायब होणार आणि तो सगळ्यांदेखत खोटा पडणार.

कानसेनचा कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. नव्या माणसाची परीक्षा घ्यायची त्याची खास रीत होती. जिच्यात काडीचाही दोष नाही अशी गाडी सकाळी उभी करायची, सगळ्यांनी तोंडं गंभीर ठेवायची आणि विचारायचं, "ऐक, काय बिघडलंय?" घाबरलेला माणूस काहीतरी ठोकून द्यायचा, मग सगळं गॅरेज पोट धरून हसायचं. "आवाज नाही असं म्हणायला छाती लागते," कानसेन वर ऐकवायचा.

पोटच्या पोरालाही त्यानं सोडलं नाही. नुकतं मिसरूड फुटलेलं ते पोरगं बॉनेटपाशी उभं राहिलं आणि चाचरत म्हणालं, "टॅपेट." जो हशा पिकला! पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, तसा बाप त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "हस की रे! सगळे हसतायत." पोरगं हसलं. त्या दिवसापासून त्याचं नावच टॅपेट पडलं. पुढं त्याच्या सासरच्या मंडळींसमोरही बापानं तो किस्सा रंगवून रंगवून सांगितला. टॅपेट तिथंही हसला.

आता टॅपेटचे केस पिकायला लागले होते आणि बापाचे कान गेले होते. आधी कुकरची शिट्टी गेली, मग पट्ट्याची किंचाळी, मग टकटक. समोरच्याचे ओठ दिसले तरच बोलणं कळायचं. म्हाताऱ्यानं मात्र कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. गिऱ्हाइकालाच म्हणायचा, "कसा येतो आवाज? काढून दाखवा बरं." गिऱ्हाईक ओठांचा चंबू करून, गाल उडवून आवाज काढायचं आणि त्या तोंडावरून हा गाडीचं दुखणं ओळखायचा. कान गेले हे कळलं तर पहिली चावी जाणार. ती गेली की उरलं काय? घरातली खाट आणि एक खिडकी. या एका भीतीपोटी तो रोज सगळ्यांच्या आधी गॅरेजात हजर असायचा.

त्या सकाळी काचांवर दव गोठलं होतं. मधोमध एक करडी गाडी उभी होती. मालक टॅक्सीवाला, टॅपेटचा जुना दोस्त. गॅरेजातली माणसं आणि शेजारचा पंक्चरवाला हात चोळत गोळा झाले होते. एवढी गर्दी कशाला, असं म्हाताऱ्याला क्षणभर वाटलं. मग त्याला वाटलं, आपलाच कान बघायला आलेत, आणि तो ताठ झाला.

सून चहा घेऊन आली. नवऱ्याला दिसू नये म्हणून मान अगदी खाली घालून ती पुटपुटली, "बाबा, गाडीत काही नाहीये. नाही म्हणा."

तिचे ओठ म्हाताऱ्याला दिसलेच नाहीत. "हो हो, गोड आहे," तो म्हणाला. मग टॅक्सीवाल्याकडे वळला. "कसा येतो आवाज? काढून दाखवा."

टॅक्सीवाल्याचा चेहरा मख्ख. "मला काय कळतंय, काका? तुम्हीच ऐका."

म्हाताऱ्यानं चावी मारली. स्टिअरिंग थरथरलं, म्हणजे गाडी चालू झाली. उतरून तो इंजिनावर वाकला, हात टेकवला. थरथर एकसारखी लागत होती. हात सांगत होता, गाडी ठणठणीत आहे. पण हातावर त्यानं जन्मात भरवसा ठेवला नव्हता, आणि काही नसतं तर माणूस गाडी रात्रभर ठेवून कशाला जाईल? शिवाय आवाज नाही म्हणावं, तर बहिरा माणूस दुसरं काय म्हणणार? त्यानं इंजिन बंद केलं आणि चावी काढून मुठीत घेतली.

"चेन," तो म्हणाला. "सैल झालीय. उघडावी लागेल."

हशा त्याला ऐकू आला. जाड, खालच्या पट्टीतले आवाज अजून त्याच्या कानात शिरायचे. टॅक्सीवाला बॉनेट बडवत होता, पंक्चरवाला हसून हसून खालीच बसला. सून पदरानं तोंड झाकून आत निघून गेली. म्हाताऱ्याला मरणाची लाज वाटली, आणि आपण कुठल्या जागी उभे आहोत हेही त्याला लख्ख कळलं.

टॅपेट पुढं आला. ओठ दिसतील असा नीट समोर उभा राहिला, बापाच्या खांद्यावर थाप मारली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "हसा की, बाबा. सगळे हसतायत."

म्हातारा हसला. टॅपेटनं त्याच्या मुठीतून चावी काढून घेतली.

हल्ली कानसेन फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेला असतो. नवं गिऱ्हाईक आलं की टॅपेट त्याला चेनचा किस्सा सांगतो, अगदी बापाच्या ढंगात, बाप जिथं थांबायचा तिथंच थांबून. म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर ऐकू येत नाही. तो लोकांच्या तोंडांकडे बघत राहतो आणि दात दिसले की हसतो.