दोन सेकंद मागं राह्यलेला पडदा

निकेश माहा लहान भाऊ होय. सख्खा. गोंडपिपरीकडं आयटीआय केलेले पन्नास पोट्टे सापडतीन, पण झाकण न उघडता यंत्राच्या पोटात काय बिघडलं हे सांगणारा एकच, अन् तो आमच्या घरचा. मी सातवी शिकलो, तरी हे छाती ठोकून सांगतो.

२००७ साली तो चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीत ठेकेदाराकडं कामाले होता. तवा बारा डंपरांत ड्रायव्हरपुढं लहान पडदे लागले, मागं कॅमेरे. रिवर्स टाकला का डिझेलच्या, वजनाच्या अशा पडद्यावरच्या साऱ्या खिडक्या खाली जायच्या अन् मागचं चित्र वर यायचं. मॅनेजर गुणवंतरावनं हुकूम काढला, "सोमवारपासून जंगूनं शिटी वाजवाची नाई. डंपरमागचे दगड येचावे. ड्रायव्हरले सारं दिसते."

जंगू साठीले आलेला, मागं येनाऱ्या डंपरले शिटी वाजवून वाट दाखवे. निकेश डंपरात बसला अन् म्हणे, "काका, मागं उभं राहून दुपट्टा हालवा."

जंगूचा हात खाली आला, तरी पडद्यावर तो वरच जाऊन राह्यला होता. पुरे दोन सेकंद.

निकेशचं डोस्कं तापलं. पडद्यामागच्या डब्यात चित्र काढाची वेगळी चिप होती, पण तिले कोणी कामच सांगतलं नव्हतं. मुख्य प्रोसेसर एकटाच साऱ्या खिडक्या टिपका टिपका रंगवून थकत होता. निकेश तडक गुणवंतरावकडं गेला.

"साहेब, मासा पाण्यात दिसते तिथी नसते. आमचा बाप डोमा म्हणूनच भाला खाली धरून मारे. तुमच्या पडद्यात जंगू दिसते तिथी जंगू नाई."

"हा तुह्या बापाचा तलाव नोहे. पुण्याच्या इंजिनिअरनं तपासलं. उभ्या डंपरमागं उभा माणूस एकदम साफ दिसते."

"उभा माणूस तं फोटोतबी साफ दिसते. मले चार दिवस द्या, चिपले कामाले लावतो."

"तुह्यी आयटीआय तुह्यापाशी ठेव. ढिवराच्या पोट्ट्यानं मले शिकवू नाई."

हे आयकून माहं रगत आजबी उकळते. निकेश दात खाऊन बाहेर आला.

शनवारी मोठे साहेब पडदे पाहाले आले. गुणवंतराव मिजाशीत शमीम ड्रायव्हरच्या बाजूले बसला. निकेशनं तेलाच्या रिकाम्या डरमले दोर बांधला अन् डंपर मागं येऊन राह्यला तसा वाटंत ओढला.

"रस्ता खाली हाय, येऊ दे," गुणवंतराव पडद्याकडं पाहून म्हणे.

कडकड झाली. डरमचा पापड झाला. अन् मंग पडद्यावर डरम रस्त्यात आला, साबूत.

साऱ्याईच्या तोंडचं पाणी पळालं. निकेश गुणवंतरावच्या खिडकीखाली जाऊन उभा राह्यला. "आता डरमच्या जागी जंगू धरा," म्हणे. "त्याच्या बायकोले काय सांगसान, इंजिनिअरनं तपासलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर वॉचमननं निकेशचा पास काढून घेतला. म्हणे, साहेबाचा हुकूम हाय. मागून शमीम आला. पास गेलेला पाहून गेटातच बसला. मंग बाकीचे अकरा ड्रायव्हर बसले. साडेआठ वाजेपर्यंत एक डंपर हालला नाई, तवा गुणवंतराव स्वतः पास घेऊन आला.

निकेशनं हात पुढं केला नाई. म्हणे, "पहिले पडदे उतरवा. अन् चिपच्या कामाले चार दिवस लिहून द्या."