काहूनकाकांचा संशय

काहूनकाकांनी पेटीतलं वरचं संत्रं कधी उचललं नाही. शेजारच्या घरचं असो की देवळातल्या प्रसादाचं, हात थेट तळाशी. मोर्शीकडं जन्मभर संत्र्याची बाग केलेला माणूस. पेट्या कशा भरतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हातारपणी ते अमरावतीत आमचे शेजारी झाले. कोणी काही म्हटलं की आधी 'काहून?', म्हणजे 'का?', विचारत, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं.

मी वर्तमानपत्रात सदर लिहितो. वाचक आपला पेच कळवतात, मी काय करावं ते सांगतो. एका प्राध्यापकांनी कळवलं, की नीतिशास्त्राच्या पायाशिवाय असलं लिहिणं म्हणजे पारावरच्या गप्पा. मला ते झोंबलं. मी कर्तव्यवाद, उपयुक्ततावाद असे शब्द पेरू लागलो. छापण्याआधी मजकूर काकांना वाचून दाखवला, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे वरचे संत्रे झाले, बाबू. तळाचे दाखव."

चिडून मी सगळे वाद काढून टाकले आणि लिहिलं, मनाचा कौल घ्या. तर म्हणे, "मन काय कमी लबाड असते? थे मालकाच्याच बाजूनं बोलते." या माणसाला शास्त्र नको, मनही नको, मग हवं तरी काय? तरी दर आठवड्याला मजकूर घेऊन मी त्यांच्याच ओट्यावर जाई.

बार्शीटाकळीहून एका बाईंचं पत्र आलं. वडिलांच्या वावरातला हिस्सा सोडल्याचा कागद भाऊ मागतो, सही करू का? मी लिहिलं, जमिनीपेक्षा माहेर मोठं, करा सही. यावेळी शास्त्रही होतं आणि मनही. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुया बहिनीनं सही केली, म्हून काय?"

केली होती. गेल्याच वर्षी. अकोल्याहून ताईला मीच गाडी करून आणलं होतं.

मी कागद ओढून घेतला आणि तसाच छापायला दिला. काकांकडं जाणं सोडलं. दोन महिन्यांत काका गेले. मला इतकं ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. त्याच आठवड्यात बार्शीटाकळीच्या बाईंनी पुन्हा लिहिलं: तुमचं वाचून सही केली, आता भाऊ फोन उचलत नाही.

लाज वाटून मी अकोल्याला गेलो. ताईला म्हटलं, तुझा हिस्सा परत तुझ्या नावावर करून देतो.

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं.

"का रे, हे बी पेपरात लिवनार हाय काय तू?"