निरांजनावर वाजलेली सनई

माझी बायको म्हणते, हे जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यावं. खुशाल सोडा. पण चिंचवडच्या आमच्या कारखान्यात एका खंडेनवमीला जे झालं, ते मी कमीच करून सांगतोय. पुरतं सांगितलं तर तुम्ही पुस्तक मिटून झोपाल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मशीन शॉपला फिटर, माझा जिगरी दोस्त टेस्टिंगला. हा टेस्टिंगवाला म्हणजे भंगाराचा सरदार. मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर आणि जुन्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या जोडून त्याने घरी सिंथेसायझर, म्हणजे विजेवर गाणारी पेटी, उभा केला होता. वजन एवढं, की ज्या खाटेवर तो ठेवला तिचे पाय फरशीतून उतरून खालच्या बिऱ्हाडाला कपडे वाळत घालायच्या उपयोगी पडले.

हा खटाटोप सगळा त्याच्या वडिलांसाठी. त्यांना आम्ही सारेच आबा म्हणायचो. आमची लेथ मशीन उभी होती तिथे पूर्वी आबांची बाजरी उभी असायची. जमीन गेली, लेकाला नोकरी लागली, आणि आबांकडे एक मान राहिला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होताना शॉपमध्ये सनई वाजणार ती आबांची. "रान माझं, सनई माझी," असं ते छाती काढून म्हणत. आणि मी सांगतोय त्या वर्षी त्यांचे पुढचे दात गेले. ओठांना आधार नाही, पत्ती धरवेना, सनईतून नुसती हवा. फोरमनसाहेब म्हणाले, यंदा रेकॉर्ड लावू. तेव्हापासून आबा जेवायला वाढलं तरी भिंतीकडे बघून जेवत. मग लेकाने ठरवलं, यंत्रातून सनई काढायची, पण मान घरातून जाऊ द्यायचा नाही.

सनईसारखा सूर काढणं त्याला जमलं. तो सूर जिवंत करणं जमेना. मला त्याने समजावलं ते असं: एक ऑसिलेटर, म्हणजे विजेचे हेलकावे काढणारं सर्किट, गातो आणि दुसरा त्याला हलवतो. दुसरा इतका संथ, की त्याचा स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. तो फक्त एक छोटा बल्ब मंद-तेज करत राहतो. बल्बसमोर फोटोसेल, म्हणजे उजेड ओळखणारा विजेचा डोळा. उजेड वाढला की सूर चढतो, खुलतो. उजेड घटला की सूर वाकतो, दबतो. बाहेरचा उजेड लागू नये म्हणून बल्ब आणि फोटोसेल दोन्ही त्याने पावडरच्या डब्यात कोंडले होते. "याला मॉड्युलेशन म्हणतात भावा," तो म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला. उजेडाने आवाज हलतो, हे ऐकून मी घरी जाऊन विजेच्या दिव्याला नमस्कार केला.

आबांना नाही आला काटा. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो तर पाळणा. एकसारका हलतोय. माणूस असा दम घेतो व्हय?"

लेकाने बटण पिळून वेग वाढवला.

"आता शेरडू."

आणखी पिळलं.

"बंद कर, पोलिसाची गाडी आली."

खंडेनवमीच्या सकाळी शॉप धुऊन लख्ख, मशिनींना झेंडूच्या माळा, सगळ्यांची बायकापोरं नटून आलेली. दोस्ताने यंत्र शॉपमध्ये आणून लावलं, आणि डब्यातला बल्ब उडाला. स्टोअरला सुट्टीचं कुलूप. दोस्त बिचारा उघडा डबा आणि काळा पडलेला बल्ब घेऊन बसला.

"राव, ते धूड बाजूला घ्या," फोरमनसाहेब म्हणाले. "रेकॉर्ड लावा रे!"

"लावा रेकार्ड," आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "पर आधी पूजा. यंत्रच हाय ना त्ये? बिनओवाळता ठिवायचं न्हाई."

आमच्या हिने पुढे होऊन हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ ठेवला तो नेमका पट्ट्यांवर. यंत्राने असा भोंगा फुंकला, की शेजारच्या कंपनीतली माणसं शिफ्ट सुटली समजून डबे घेऊन फाटकाबाहेर पडली. दोस्ताने नारळाकडे हात नेला.

"भावोजी, हात लावू नका!" ही ओरडली. "ठेवलेला नारळ आरती होईपर्यंत हलवायचा नाही."

कोण हलवतो मग! भोंगा चालू राहिला. आबांनी ताट उचललं आणि ओवाळायला लागले. निरांजन उघड्या डब्यासमोर आलं, आणि भोंग्याचा गळा उघडला. ताट पुढे गेलं, सूर उतरला. परत आलं, सूर वर चढला. आबांचा हात म्हातारा, थरथरणारा. ती थरथर ज्योतीत गेली, ज्योतीतून सुरात. आता तो पाळणा नव्हता.

आबा थांबले. ताट डब्यासमोर धरलं, वाकले, आणि ज्योतीवर हलकी फुंकर घातली.

"अगं बाई! निरांजनाला फुंकर?" बायका कळवळल्या. ज्योत विझली असती तर आबांना पुन्हा शॉपच्या दारात कोणी उभं केलं नसतं.

ज्योत झुकली. सूर झुकला. मरता मरता दोन्ही वर आले. आबांनी पुन्हा फुंकलं, अगदी सनईत फुंकावं तसं, गाल भरून पण जपून. आणि माझ्या देखत, दात नसलेला माणूस उजेड वाजवू लागला. खरं सांगतो, लेथ मशिनी बंद होत्या तरी त्यांच्यावरच्या माळा हलत होत्या. पंखा चालू होता असं ही म्हणते. तिचं ऐकू नका. फोरमनसाहेबांनी काढलेली टोपी परत घातलीच नाही, आणि रेकॉर्ड बगलेत धरलेला माणूस ती तशीच घेऊन घरी गेला.

ज्योत विझली नाही. आबांनी ताट खाली ठेवलं, स्वतःच्या हाताने नारळ उचलला, आणि आवाज थांबला. लेक रडत होता. आबा त्याच्याकडे बघत, तोंडाचं बोळकं हलवत म्हणाले, "तुझ्या यंत्राला दम कमी पडतोय. पुढल्या वर्साला निरांजन मोठं आन. आन् तूप घरचं घाल, मी वाजिवनार हाय."