काही नाही म्हणजे काय काय

शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना मुलं मागून ‘सनावळी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. तोंडावर म्हणत नाहीत तोवर त्यांची काही ना नव्हती.

नववीच्या पुस्तकात ‘वसाहतकाळातील समाज’ हा धडा होता. त्यात गव्हर्नर होते, कारकून होते, सुधारक होते आणि शेवटी एक चौकट होती : ‘स्त्रिया प्रामुख्याने घर सांभाळत.’ इतकी वर्षं बाई ती चौकट वाचून पुढे जात. त्या वर्षी मात्र थांबल्या. कारण विशेष नव्हतं. धडा संपला होता आणि तास संपायचा होता.

“घरी विचारून या,” त्या म्हणाल्या. “परक्यांच्या राज्यात तुमच्या पणज्या काय करायच्या?”

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाचं उत्तर एकच. “काही नाही, बाई. घरीच असायची.”

“काही नाही म्हणजे काय काय?” बाईंनी विचारलं. “परत विचारा. बापाला नको, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. ऐकू येत नसेल तर ओरडून विचारा.”

मग उत्तरं यायला लागली. एकीची पणजी साहेबाच्या बाळाला अंगावर पाजायची. तिचं स्वतःचं मूल तेव्हा शेजारणीकडे रडत असायचं. एकाची रेल्वेच्या रुळांसाठी खडी फोडायची; मुकादम दोघी बायकांची मिळून एक हजेरी लावायचा. एकीची मोर्चात सापडून तुरुंगात गेली होती. घरच्यांनी चारचौघांत ‘माहेरी गेलीय’ म्हणून सांगितलं होतं. बाई एकेक काम कागदाच्या पट्टीवर लिहून भिंतीला चिकटवत गेल्या.

मागच्या बाकावर बारीक आवाजाची एक मुलगी होती. तिला सगळे पिपाणी म्हणत. ती उठली. “माझी पणजी छावणीच्या मागे दारू गाळायची, बाई. शिपाई रांग लावायचे.”

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

“चांगली गाळायची का?”

“आत्याआजी म्हणते, एक नंबर.”

बाईंनी पट्टी लिहिली : दारू गाळणे व विकणे.

पिपाणीचे वडील कापडाचे दुकानदार आणि शाळेच्या समितीवर होते. ते मुख्याध्यापकांना घेऊनच वर्गात आले. सोबत त्यांची म्हातारी आत्या होती. पोरीनं ऐकण्यात चूक केली, एवढं तिनं सांगावं म्हणून तिला आणलं होतं.

“आमच्या घराण्याची अब्रू भिंतीला टांगलीत, बाई,” दुकानदार म्हणाले.

“काढते. त्या जागी काय लिहू?”

“घरी असायची, असं लिहा.”

“गाळायची घरीच ना?”

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

आत्या पहिल्या बाकावर टेकली होती. “अरे,” ती भाच्याला म्हणाली, “तुझे आजोबा गेले तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता. मग आम्ही सगळे काय वाऱ्यावर जगलो? आईला पोलिसांनी दोनदा उचलून नेलं. भट्टी मी राखली. तेव्हा माझे पाय जमिनीला टेकले की हात मडक्याला पुरायचे नाहीत.” मग ती बाईंकडे वळली. “पण बाई, नुसती कामं लिहिलीत. नावं कुठायत?”

“लिहिते की.” बाईंनी दुकानदारांकडे पाहिलं. “आजींचं नाव काय?”

दुकानदार आत्याकडे वळले. ते तिला आजी म्हणत. घरातले बाकीचेही आजीच म्हणत.

नाव आत्यानं सांगितलं. दुकानदारांनी ते मनाशी एकदा म्हणून पाहिलं, ओठ हलले. बाईंनी पट्टीवर ते ठळक अक्षरांत लिहिलं. पुसा, असं कुणी म्हणालं नाही. त्यानंतर बरीच मुलं नावं विचारायला घरी गेली. काहींना मिळाली. काहींच्या घरी ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्या पट्ट्यांवर बाईंनी नावापुरती जागा मोकळी ठेवली.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला : वसाहतकाळात स्त्रिया काय करत? एका वाक्यात लिहा. मुलांनी एकाच वाक्यात लिहिलं. ‘आणि’ लावत लावत ते वाक्य दोन पानं चाललं. पेपर बाहेरच्या शाळेत तपासले गेले. प्रश्न एका गुणाचा होता. पुढचे प्रश्न लिहायला वेळ उरला नव्हता. वर्ग इतिहासात सपाटून पडला.

समितीची बैठक झाली. दुकानदार बाईंच्या विरोधात बोलले नाहीत; बाजूनंही बोलले नाहीत. रंगकाम निघालं तेव्हा पिपाणीनं आपली पट्टी अलगद सोडवून घरी नेली.

बाईंना पुढच्या वर्षी भूगोल दिला. नद्यांच्या लांब्या पाठ करायला त्यांना सुट्टी पुरली.