भुकेलं घर

परवा आमच्या नव्या घरात चिकन सूप उकळलं आणि मी थेट विद्यार्थिदशेत, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत पोहोचलो.

ग्वाटेमालाहून आलेली माझी माया वंशाची फ्लॅटमेट मारिया म्हणाली होती, "घर जिवंत असतं. आधी त्याला जेवू घालायचं, नाहीतर ते आपल्याला खातं." राहायला आलो त्याच दिवशी तिने फ्लॅटच्या चारही कोपऱ्यांत सूप ओतलं आणि दारात साक्षात घरमालकीणबाई! संपलं, आता रस्त्यावर! मारियाने सगळं खरं सांगून टाकलं.

"नुसतं सूप?" बाई वर गेल्या, पाव आणि मीठ घेऊन आल्या. "आमच्याकडे नव्या घरी हे देतात."

माझा जीव भांड्यात पडला. मारिया मात्र मला वेडीच वाटली.

परवा मी गुपचूप कोपऱ्यांत चमचा-चमचा सूप वाढलं.

"अहो, हे काय? वास्तुशांत झाली ना?"

"झाली गं. पण घर उपाशीच होतं."