उजेडाखालची पिशवी

२०२३ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. मालकिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, कॅन्सरचं औषध सुरू होऊन दोन महिने झालेले आणि त्या औषधानं तिच्या रक्तातल्या प्लेटलेट पार तळाला गेलेल्या. हिरड्यांतनं रक्त यायचं ते थांबेना. राजारामपुरीतल्या दवाखान्यात नेली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच्या आज प्लेटलेटची पिशवी चढवायला पाहिजे. उशीर झाला तर डोक्यातसुद्धा रक्तस्राव होईल.

मी म्हटलं, चढवा. पण त्यांनी आधी समजावून सांगायला घेतलं. दात्याच्या रक्ताच्या तपासण्या होतातच, पण लागण अगदी नवी असली तर ती तपासणीत सापडत नाही. म्हणून आता पिशवीत जीवनसत्त्वाचं पिवळं पाणी मिसळून ती एका खास उजेडाखाली हलवत ठेवतात. त्यानं जंतूंची वाढच खुंटते. हिच्या अंगात जंतूंशी झुंजायची ताकद उरलेली नाही, तेव्हा तसलीच पिशवी द्यावी म्हणते.

इथं माझं डोकं फिरलं. मी जन्मभर गवळीकाम केलेलं. म्हशी गल्लीतल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची. तापवणं नाही, गाळणं नाही. पिशवीतलं दूध माझ्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. ज्या मालाला काही करावं लागतं तो माल मुळातच खोटा, एवढंच मी चौथीत शाळा सोडल्यावर शिकलो.

मी म्हटलं, "पिवळं पाणी न्हाय आन उजेड न्हाय. मानूस मी आनतो. ताजं काढा आन तसंच द्या."

बाईंनी मालकिणीला विचारलं. तिनं तोंडावरचा रुमाल काढला, तो लाल झालेला. "रगत माझ्या तोंडातनं येतंय आन हट्ट ह्यांचा," ती म्हणाली. "ह्यांस्नीच इचारा. बिगीनं करा म्हंजे झालं."

कट्ट्यासमोर एकाचं गाद्या भरायचं दुकान आहे. मुसलमानाचा, पंचेचाळिशीचा, पोरवयापासून माझ्या म्हशीची धार प्यायलेला. गल्लीतल्या शिबिरात त्याचा रक्तगट मला कळला होता, मालकिणीचाच. त्याला फोन लावला. "येतो मामा," म्हणाला, पण जरा थांबून. मी ते मनावर घेतलं नाही.

तो आला. सिस्टरनं मला बाहेर थांबायला सांगितलं, पण मी हललो नाही, त्याच्या खुर्चीला टेकून उभा राहिलो. ती विचारत गेली, आजारपण, गोळ्या, ताप. तो मान खाली घालून न्हाय न्हाय म्हणत गेला. मग त्याला यंत्राला जोडला. यंत्र रक्त ओढून घेतं, प्लेटलेट बाजूला काढतं आणि उरलेलं परत दंडात सोडतं. दीड तास लागला. मला बसवेना. तिच्या खाटेपाशी जायचो, रुमाल बघायचो, परत ह्याच्याकडं यायचो. वॉर्डबॉय म्हणाला, पावणं, फरशी झिजंल की.

सुटल्यावर तो बाकावर बसला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी हलत होता.

"मामा, परवापस्नं ताप हुता मला. आज जरा कमी वाटला."

"आन मगा बोलला का न्हाईस?"

"तुमी डोस्क्यावर हुबं. तुमाला न्हाय म्हनलेला मानूस ह्या गावात दावा की एक."

आजारी म्हैस कान पाडते, धार चोरते, तिला माझी भीड नसते. माणसाला असते, हे मी धरलंच नव्हतं. त्याचा ताप आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. गप्प बसलो असतो तर माझा शब्द राहिला असता आणि ती पिशवी तिच्या अंगात गेली असती.

मी बाईंकडं गेलो. सांगितलं, पिशवी टाकून द्या, त्याला ताप होता आणि माझ्यामुळं तो खोटं बोलला. मग हळूच विचारलं, उजेडाखाली धरून भागेल का.

"नाही आजोबा. काही जंतू उजेडालाही दाद देत नाहीत. तापाच्या माणसाचं आम्ही घेतच नाही. आधी राखण ती, मग हा उजेड."

"मग तुमची हाय ती द्या," मी म्हटलं. कागद आला तो मी मालकिणीपुढं केला. संमती तिनं द्यायची, मी कोण. तिनं माझ्याकडं न बघता सावकाश सही केली.

उजेडाखालनं आलेली पिशवी फिकट पिवळी होती, ताकावरच्या निवळीसारखी. थेंब थेंब उतरत होती. मी तिचा रुमाल बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत लाली कमी आली, पण प्लेटलेटचा आकडा उद्याच कळणार होता. आणि मला त्या कपातला चहा हलताना दिसत राहिला. तो ताप कसला, कुणीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गादीवाल्याच्या दारात गेलो, नको नको म्हणणाऱ्याला रिक्षात घातलं आणि रक्त तपासायला नेलं.