अर्धं नाव सांगा, रिपोर्ट घ्या

आमच्या सौंसरच्या लॅबमध्ये तपासलेलं रक्त रोज टाकून दिलं जातं; किस्से मात्र कुणी टाकत नाही, ते साचत जातात. चार मित्र बसले की हमखास फर्माईश होते, "ते स्टारचं सांग ना बे!"

तर स्टारचं असं. मी काउंटरवर बसतो. रिपोर्ट एक्सेलमध्ये बनतात, दर पेशंटची वेगळी फाइल. पण फाइलला नाव ज्याला सुचेल तसं! जुना रिपोर्ट मागायला कुणी आलं की तासभर शोधाशोध चालायची. शेवटी आमचे मालक कामडी सर वैतागले आणि नागपूरहून सॉफ्टवेअर आणायचं म्हणाले. ते आलं असतं तर कॉम्प्युटरवाल्या सुजाताची नोकरी गेली असती, आणि तिच्या पगारावर धाकट्या बहिणीचं नर्सिंग चालू होतं. सुजाता म्हणाली, "सर, महिनाभर थांबा. मी एक्सेलमध्येच फाइल शोधणारा मॅक्रो बनवते."

बनवला! बटन दाबलं की एक चौकट उघडायची. नावाचा जेवढा तुकडा आठवेल तेवढा त्यात टाकायचा. मॅक्रो त्याच्या मागेपुढे स्टारची खूण (*) लावणार. स्टार म्हणजे "इथं काहीही असो, चालते." तुकडा जुळला की फाइल हजर.

*

पहिली परीक्षा दिलीपभाऊंनी घेतली. हे घरोघरी जाऊन रक्त आणतात आणि फाइलही स्वतःच बनवतात. पण पेशंटला नाव विचारणं त्यांच्या जिवावर येतं. "ज्याच्या घरी चहा पेलो, त्यालेच नाव इचारू?" म्हणून त्यांच्या फाइलींना घराच्या खुणा असतात. अंगणात निंब, निळं फाटक, काळी गाय.

रामाकोन्याच्या काळ्या गायवाल्या घरातून रिपोर्टसाठी फोन आला. सुजातानं "गाय" टाकलं, तर तीन फाइली!

"दिलीपभाऊ, रामाकोन्याची काळी गाय यातली कोणती?"

दिलीपभाऊ पडद्याकडे बघत म्हणाले, "पहिली विकली. दुसरी मागच्या हप्त्यात व्याली. तिसरी पाहा, तिची शुगर वाढेल हाय!"

*

मग सरांनी स्वतः मॅक्रो चालवून पाहिला. पेशंट समोर उभा, आणि सरांना त्याचं नाव आठवेना. विचारायची लाज! त्यांनी चौकट रिकामीच ठेवली आणि बटन दाबलं. म्हणजे नुसता स्टार, काहीही चालते!

फाइलींमागून फाइली उघडू लागल्या. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. सर ओरडले, "सुजाता, हे का करून राहिलं?"

"सर, अख्खा सौंसर तालुका उघडून राहिला!"

त्या दुपारी सरांनी नागपूरला फोन करून भाव विचारला. सुजातानं डबा उघडलाच नाही. मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मॅक्रो सुधारलेला होता. एकापेक्षा जास्त फाइली जुळल्या तर आधी फक्त यादी दाखवायची, उघडायचं काही नाही.

*

त्या यादीनंही घोळ घातलाच. पांढुर्ण्याचे एक काका आले. रुबाबात म्हणाले, "नुस्तं पाटील टाका. पांढुर्ण्यात मले कोन नाही ओळखत!"

टाकलं. यादी निघाली लांबलचक. सुजातानं पडदा त्यांच्याकडे वळवला, "काका, यातले तुम्ही कोणते?"

काका चष्मा लावून वाचत गेले आणि मधेच थांबले. "बाप्पा! हा तं माहा साडू! मले सांगे का एकदम फस्क्लास हाय म्हणून!"

तेव्हापासून पडदा आमच्याच बाजूला असतो. सरांनी मात्र सुजाताला ऐकवलं, "नागपूरवाल्याच्यात असं नाही होत." महिना संपत आला होता.

*

इकडे स्टारची लागण दिलीपभाऊंना झाली. बायकोनं बाजारातून काय आणायला सांगितलं तेच विसरले. किराणा दुकानात जाऊन म्हणाले, "मसाला द्या. मांगंपुढं स्टार!"

दुकानदारानं गरम मसाला, चहा मसाला, मटण मसाला, सगळा फळीवरून खाली उतरवला. दिलीपभाऊंनी सगळंच घरी नेलं. बायकोनं पिशवी पाहिली आणि म्हणाली, "मी तं उदबत्ती सांगतली होती!"

*

आणि मग मोहगावच्या आजी आल्या. आजोबा नागपूरला ऑपरेशनसाठी भरती होते. किडनीचा आकडा वाढलेला निघाला होता. तो जुनाच असेल तर ऑपरेशन होणार, नवा असेल तर लांबणार. डॉक्टर राउंडला यायच्या आत मागच्या वर्षीचा रिपोर्ट पाहिजे होता, आणि तो आमच्याकडे होता. मुलाचा फोन लागत नव्हता.

"आजी, आजोबांचं नाव?"

आजींनी पदर ओढला. "नवऱ्याचं नाव मी कशी घेऊ, माय?"

"आजी, ऑपरेशन अडकलं आहे!" सर म्हणाले.

"म्हणून तं नाही घेत. आतापावतो घेतलं नाही, अन आज घेऊन त्याईले काई झालं तं?" आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "जामसावळीले जो देव झोपेल हाय ना, तेच नाव."

सुजातानं हनुमान टाकलं. मग बजरंग. मग महावीर. मग त्या देवाची आठवतील ती सगळी नावं. काहीच जुळेना. आडनावानंही जुळेना. नुसतं मोहगाव टाकलं तर यादी संपेना, आणि घड्याळ थांबेना.

सुजाता उठली आणि आजींच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. "आजी, पूर्ण नका घेऊ. पहिलं अक्षर तेवढं सांगा. उरलेलं आमचा स्टार घेते. तुमचं घेतलं असं होत नाही."

आजींनी भिंतीकडे तोंड केलं, पदर ओठांवर धरला आणि हळूच म्हणाल्या, "मा."

सुजातानं "मा" टाकलं, पुढे स्टार, पुढे मोहगाव. एकच फाइल उघडली. नाव देवाचंच, पण लिहिताना चुकवलेलं, म्हणून आधी जुळलं नव्हतं. दोन मिनिटांत रिपोर्ट नागपूरला, डॉक्टरच्या मोबाइलवर! जुनाच आकडा होता.

आजींनी सुजाताचा हात धरला. "माह्या तोंडून नाही निंगालं ना, बाई?"

"नाही आजी."

सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर नागपूरवाल्याला फोन लावला.

"एक सांगा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बायकोनं नवऱ्याचं अर्धंच नाव घेतलं तर चालते का?"

पलीकडून आवाज आला, "नाही साहेब, पूर्ण नाव कम्पल्सरी आहे."

"मंग राहू द्या!"